नोटेवरचे गाव

जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकारची माणसे आढळतात. घरातले जुने ते सारे अडगळ समजून बोहारणीला नाहीतर भंगारवाल्याला देऊन मोकळी होणारी, हा पहिला प्रकार. आणि जुने ते सारे लाखमोलाचे असे मानून, आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या भोकाच्या पैशावर बंगला बांधायला निघणारी, हा दुसरा. या दोघांखेरीज एक तिसराही प्रकार आहे आणि तो या दोघांहून घातक आहे. 'आपल्याला यातले कळते' असे समजणाऱ्या माणसांचा तो प्रकार. मी इतिहासाचा प्राध्यापक. आयुष्याची एकतीस वर्षे मी याच महाविद्यालयात साधनांचे महत्त्व शिकवले. आणि मी या तिसऱ्या प्रकारात मोडतो, हे मला निवृत्तीनंतर कळले. कसे कळले ते सांगण्यासाठीच संपादकांच्या आग्रहाला मान देऊन हा लेख लिहायला घेतला आहे.

माझे थोरले बंधू डॉक्टर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते १९७२ साली अमेरिकेला गेले आणि पुढे आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावी इस्पितळात नोकरीला लागले. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, एक चर्च, एक शाळा, धान्याची कोठारे, एवढेच ते गाव. तिथल्या एका वृद्ध विधवा बाईने आजारातून उठल्यावर दादांना एक जुनी नोट भेट दिली. १९८४ सालच्या डिसेंबरात दादा सुटीवर आले तेव्हा ती माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तू इतिहास शिकवतोस, ही तुझ्याकडेच शोभेल. त्या आजी सांगत होत्या, मंदीच्या वर्षांत गावची बँक बुडाली, खात्यातले पैसे गेले, पण बँकेची ही नोट मात्र खरी राहिली."

नोट दहा डॉलरची. आताच्या अमेरिकन नोटेपेक्षा चांगलीच मोठी. डाव्या अंगाला एका सभ्य गृहस्थाचे चित्र, मध्यभागी ठळक अक्षरांत बँकेचे नाव, खाली गावाचे नाव, निळा शिक्का आणि तळाशी दोन सह्या. मी ती कौतुकाने पाहिली, वर्गात दोन-चार वेळा फिरवली आणि एका जाडजूड ग्रंथात ठेवून दिली. बँक बुडाली आणि तिची नोट खरी राहिली, हे कसे? हा प्रश्न त्या वेळी मला पडायला हवा होता. तो पडला नाही. इतिहासाच्या माणसाला प्रश्न न पडणे हा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा मी चौदा वर्षांनी केला, तो पुढे येईलच.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण या नोटांची सारी ओळख त्या उत्तरातच आहे.

अमेरिकेत यादवी युद्धापूर्वी नोटा काढण्याचे काम निरनिराळ्या राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या खाजगी बँकांकडे होते. अशा बँका दीड हजारांच्या घरात होत्या आणि त्यांच्या नोटा हजारो तऱ्हांच्या. कोणती बँक जिवंत आहे, कोणती बुडाली, कोणती नोट खरी आणि कोणती बनावट, हे कळावे म्हणून व्यापारी लोक छापील माहितीपत्रके घेऊन गल्ल्यावर बसत. दूरच्या गावची नोट दिली तर दुकानदार ती पुऱ्या किमतीला घेत नसे. अशात १८६१ साली युद्ध पेटले. सरकारला कर्ज हवे होते आणि देशाला एक धड चलन हवे होते. अर्थमंत्री सामन चेस यांनी या दोन्ही गरजांची एकच गाठ मारली. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी, ३ जून १८६४ रोजी, तो सुधारून पुन्हा करण्यात आला. कोणत्याही गावच्या पाच-सात प्रतिष्ठित माणसांनी ठरावीक भांडवल जमवावे, वॉशिंग्टनकडून 'नॅशनल बँक' म्हणून परवाना घ्यावा, सरकारी कर्जरोखे विकत घेऊन ते सरकारकडेच तारण ठेवावेत आणि त्या तारणाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत स्वतःच्या बँकेच्या नावाच्या नोटा घ्याव्यात. पुढे १९०० साली ही मर्यादा शंभर टक्के झाली. नोटेचा नमुना सगळीकडे सारखा, फक्त बँकेचे व गावाचे नाव निराळे. बँक बुडाली तरी सरकारजवळ रोखे होतेच, शिवाय सरकारची हमी होती, म्हणून नोट शंभर टक्के वटे. जो आपले पैसे खात्यात ठेवी तो मात्र मरे. ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा १९३३ साली झाला, पण त्याआधीच्या बुडालेल्यांना त्याचा काय उपयोग? त्या आयोवाच्या आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

कोणी म्हणेल, "सर, सातासमुद्रापलीकडच्या या नोटांशी आपला काय संबंध?" हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला आहे. संबंध आहे, आणि तो मुंबईच्या कापसाचा आहे. ज्या यादवी युद्धाने या नोटांना जन्म दिला त्याच युद्धाने अमेरिकन कापसाची वाट अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाखेरीज गती राहिली नाही आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरांचे वेड लागले. प्रेमचंद रायचंदांचे नाव त्याच काळातले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, आणि त्या पडझडीत १८४० सालची जुनी बँक ऑफ बॉम्बे सापडली. १८६८ साली ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. आणखी एक गंमत पाहा. याच बँक ऑफ बॉम्बेला पूर्वी स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता. १८६१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने तो काढून घेतला आणि नोटा सरकारी केल्या. म्हणजे आपल्याकडे बँकांच्या हातून नोट काढून घेतली जात होती, त्याच सुमारास अमेरिका गावोगावच्या बँकांच्या हाती ती देत होती. त्यामुळे आपल्या जुन्या नोटेवर राज्यकर्त्याचे नाव आहे, तर अमेरिकेच्या या नोटेवर गावाचे. माझ्या मते हा फरक केवळ अर्थशास्त्राचा नाही, तो इतिहास वाचण्याच्या रीतीचा आहे.

आता ही नोट ओळखावी कशी ते थोडक्यात सांगतो. हे सारे मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकलो, तेव्हा तुम्हांला शिकायला हरकत नाही.

पहिली गोष्ट आकाराची. १८६३ पासून १९२९ पर्यंतच्या नोटा मोठ्या, १९२९ पासूनच्या आजच्या आकाराच्या. १९३५ साली ज्या रोख्यांवर या नोटा निघत ते सरकारने फेडून टाकले आणि हा प्रकार संपला. दुसरी गोष्ट मथळ्याची. नोटेवर 'नॅशनल करन्सी' असे शब्द असतात, पण केवळ त्यावर जाऊ नये. फेडरल रिझर्व्ह बँकांनी काढलेल्या काही नोटांवरही हेच शब्द आहेत, आणि १९२९ च्या मालिकेत तर दोहोंचा शिक्काही तपकिरीच आहे. नवशिका इथे हमखास फसतो. म्हणून बँकेचे नाव नीट वाचावे. फेडरल रिझर्व्हचे नाव असेल तर ती गावच्या बँकेची नोट नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट परवान्याच्या क्रमांकाची. प्रत्येक नॅशनल बँकेला एक क्रमांक मिळे, त्याला चार्टर नंबर म्हणतात. पहिला क्रमांक फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा. दादांच्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टच्या बँकेचा क्रमांक पंधरा, पण दार उघडण्यात तिने सर्वांवर आघाडी मारली. २९ जून १८६३ रोजी ती सुरू झाली. सुरुवातीच्या बहुतेक नोटांवर हा क्रमांक नसे. मळलेल्या नोटा वॉशिंग्टनला परत येऊ लागल्या तेव्हा त्या बँकवार लावताना कारकुनांच्या नाकी नऊ आले. म्हणून १८७४ च्या कायद्याने क्रमांक छापणे सक्तीचे झाले. 'फर्स्ट नॅशनल बँक' हे नाव तिकडे आपल्याकडच्या गावोगावच्या मारुतीसारखे आहे, जिथे जावे तिथे आहेच. तेव्हा नावाने बँक ओळखता येत नाही. गाव आणि क्रमांक यांनीच ती ओळखावी लागते.

चौथी गोष्ट मालिकेची, आणि ती नोटेच्या पाठीवरून कळते. सुरुवातीच्या नोटांच्या पाठीवर इतिहासातले प्रसंग आहेत. पाच डॉलरच्या पाठीवर कोलंबसाचे उतरणे, शंभराच्या पाठीवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा. दोन डॉलरच्या नोटेवर तर मोठा दोनचा आकडा आडवा पसरलेला आहे, म्हणून हौशी मंडळी त्याला 'आळशी दोन' म्हणतात. १८८२ च्या मालिकेत प्रथम तपकिरी पाठ आली. तिच्यावर परवान्याचा क्रमांक मोठ्या हिरव्या आकड्यांत आहे. त्यानंतर पाठीवर सन छापलेल्या आणि शेवटी रक्कम अक्षरांत छापलेल्या नोटा आल्या. १९०२ च्या मालिकेत आधी लाल शिक्का, मग निळा शिक्का व पाठीवर सन, आणि मग निळा शिक्का व साधी पाठ, असा क्रम आहे. १९२९ च्या छोट्या नोटांचेही दोन प्रकार आहेत. पहिल्यात परवान्याचा क्रमांक काळ्या शाईने दोनदा आहे. दुसऱ्यात तो तपकिरी शाईने आणखी दोनदा येतो.

इथे एक धोक्याची सूचना. नोटेच्या दर्शनी भागावरची तारीख ही ती छापल्याची तारीख नव्हे. ती बहुधा बँकेच्या स्थापनेशी नाहीतर परवान्याच्या मुदतवाढीशी जोडलेली असते. तारीख पाहून वय सांगणारा माणूस आणि कुंडली न पाहता लग्न जुळवणारा माणूस, दोघांचीही गत सारखीच.

या कसोट्यांवर माझी नोट मी लावली. सभ्य गृहस्थ निघाले अध्यक्ष मॅकिन्ली. १९०१ साली त्यांचा खून झाला आणि १९०२ च्या मालिकेत ते दहा डॉलरवर आले. शिक्का निळा, पाठ साधी. म्हणजे १९०२ ची मालिका, तिसरा प्रकार, या नोटांतला सर्वांत सामान्य. इथवर वाचून जो कोणी 'मग काय, फारशी किंमत नाही' म्हणून पुस्तक मिटेल, तो चुकेल. कारण आता खरा प्रश्न येतो, तो म्हणजे गाव कोणते?

या नोटांच्या किमतीचे मर्म असे की नोट किती जुनी याला फार अर्थ नाही. किती छापल्या यालाही नाही. शिल्लक किती उरल्या याला आहे. १८६३ ते १९३५ या काळात बारा हजारांहून अधिक बँकांनी नोटा काढल्या. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को इथल्या मोठ्या बँकांच्या नोटा अमाप निघाल्या, त्यामुळे आजही सहज मिळतात. लहान गावच्या बँकेने थोड्या काढल्या, लोकांनी त्या खर्चल्या, मळल्यावर त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि नष्ट झाल्या. राहिली ती केवळ कोणाच्या तरी पेटीत विसरलेली. काही बँकांची एकही नोट आज ज्ञात नाही. त्यामुळे मोठ्या शहराची शंभर डॉलरची नोट एखाद्या खेड्याच्या पाचच्या नोटेपुढे फिकी पडते.

गावाच्या जोडीला आणखी काही गोष्टी किंमत वाढवतात. एखादा प्रदेश राज्य होण्यापूर्वी तिथे निघालेली नोट, जसे ॲरिझोना व न्यू मेक्सिको १९१२ पूर्वी, ओक्लाहोमा १९०७ पूर्वी. हवाईतल्या होनोलुलूची किंवा प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनची नोट. कॅलिफोर्नियाच्या नऊ बँकांच्या, सोन्यात वटणाऱ्या, पाठीवर सोन्याच्या नाण्यांचे चित्र असलेल्या नोटा. एक क्रमांकाची नोट. आणि सह्या. सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्या छापील असत. त्यांत ब्लँच ब्रूस यांची सही शोधून पाहावी. जन्माने गुलाम असलेला हा माणूस १८८१ साली खजिन्याचा रजिस्ट्रार झाला, आणि अमेरिकन नोटेवर सही येणारा तो पहिला कृष्णवर्णीय. बँकेच्या अध्यक्षाची व कॅशियरची सही मात्र गावातच होई. नोटांचे न कापलेले पत्रक टपालाने येई. बँकेत ते कापायचे आणि प्रत्येक नोटेवर दोघांनी सही करायची. पुढे रबरी शिक्के आले, पण कितीतरी नोटांवर खरी शाई आहे. वॉशिंग्टनच्या नोटेवर गावच्या माणसाच्या हाताचा वळसा. असे चलन जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

यानंतर येते ती अवस्था. घडी किती, टाचणीची भोके किती, कडा कापल्या आहेत का, कागदाचा मूळ कडकपणा आहे का. सत्तर गुणांच्या मापाने तिकडे नोट तपासली जाते. धुतलेली, इस्त्री केलेली, चिकटपट्टी लावलेली, पुसट सही नव्या शाईने गिरवलेली नोट जाणकार लगेच ओळखतो आणि भाव खाली आणतो. किंमत समजून घ्यायची तर विक्रेता काय मागतो ते पाहू नये, लिलावात ती खरोखर केवढ्याला गेली ते पाहावे. मागणे फुकट असते. आणि पिवळसर, कडक, जुनाट दिसणाऱ्या कागदावरच्या नकलांपासून सावध राहावे. १८४० सालची, ८८९४ क्रमांकाची हजार डॉलरची नोट घेऊन आजवर कितीतरी लोक श्रीमंत होता होता राहिले आहेत. तो क्रमांक दिसला की समजावे, ही शोभेची प्रत.

हे सारे ज्ञान मला झाले ते २०२२ साली, आणि त्याला निमित्त झाला माझा पुतण्या. दादा २०१९ मध्ये गेले. तीन वर्षांनी एके रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांनी तुम्हांला एक नोट दिली होती ना? ती आहे का अजून?" तिकडे हौशी संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून प्रत्येक बँकेच्या ज्ञात नोटांची क्रमांकवार गणना केली आहे. त्या गावच्या त्या बँकेच्या फक्त चार नोटा त्यात नोंदल्या होत्या. आमची पाचवी. पुतण्याची मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाणार होती. तिकडचे शिक्षण किती महाग ते मी सांगायला नको. "चांगल्या अवस्थेत असेल तर दोनेक हजार डॉलर येतील काका. फी भरून निघणार नाही, पण पुस्तकांचा खर्च सुटेल." मी सकाळी फोटो पाठवतो म्हणालो.

आणि इथे माझा दुसरा गुन्हा. १९९८ साली आमच्या इतिहास मंडळाने प्रदर्शन भरवले होते. शेकडो मुले वस्तू हाताळणार, नोट खराब होऊ नये, म्हणून मी ती बसस्टँडसमोरच्या दुकानात नेली आणि गुणपत्रिका करतात तशी लॅमिनेट करून आणली. दहा रुपयांत. गरम रुळांतून पारदर्शक होऊन बाहेर आलेली ती नोट पाहून मला केवढे समाधान वाटले होते! आता ही शंभर वर्षे टिकेल, असे मी मुलांना सांगितल्याचे आठवते.

फोटो गेला. संध्याकाळी फोन आला. बराच वेळ तिकडून काही शब्द नाही. मग, "काका, हे प्लॅस्टिक कोणी घातलं?" मी म्हणालो, "मी." तो चांगला मुलगा आहे, एका शब्दाने बोलला नाही. पण दादा असते तर त्यांना काय वाटले असते, हा विचार त्या रात्री माझ्या डोळ्यांवरून हलला नाही. ते प्लॅस्टिक काढू गेले तर कागदाचा पापुद्रा नाहीतर शाईच निघून येण्याची भीती. बाजारात त्या नोटेचा भाव उरला तो नाममात्र.

यानंतरच मी या विषयाचा अभ्यास केला. पश्चात्तापाने केलेला अभ्यास उशिरा होतो, पण पक्का होतो. फ्रीडबर्ग यांच्या १९५३ सालच्या ग्रंथाने या नोटांना क्रमांक दिले. हिकमन आणि ओक्स यांचा केवळ नॅशनल बँक नोटांचा मोठा कोश १९८२ साली निघाला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत छापखान्याने जपलेले नमुना-ठसे आहेत. आयोवातल्या ओकोबोजी गावी तर फक्त याच नोटांसाठी हिगिन्स संग्रहालय उभे राहिले. हे सारे कशासाठी? पैशासाठी म्हणाल तर ते अर्धेच खरे. दोन-चार हजार वस्तीच्या गावाला आपले नाव देशाच्या चलनावर छापलेले पाहायला मिळाले होते, ती आठवण कोणालातरी जपावीशी वाटली, हे उरलेले अर्धे.

म्हणून मी पुतण्याला सुचवले की विकण्याचा विचार सोड, ती त्या गावच्या ग्रंथालयाला देऊ. तिथे स्थानिक इतिहासाची एक खोली आहे. तो म्हणाला, "प्लॅस्टिकमधली नोट कोण घेईल?" मी स्वतः पत्र लिहिले. नोट कोणी दिली, कोणाला दिली, कधी दिली, आणि तिची ही अवस्था कोणी केली, हे सारे लिहिले. शेवटचे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. नोटेवरचे दोन्ही क्रमांक, खजिन्याचा आणि बँकेचा, आणि पत्रकावरचे तिचे स्थान सांगणारे अक्षर, हेही लिहून काढले. कॅशियरची सही वाचता वाचता माझा भिंगाचा हात दुखून आला. शाईची सही, थोडी फाकलेली. नाव लागले.

उत्तर दीड महिन्याने आले. नोट त्यांनी घेतली होती. गणनेत तिची पाचवी म्हणून नोंद झाली होती, शेऱ्यात 'लॅमिनेट केलेली' असे शब्द घालून. ते शब्द माझे प्रगतिपुस्तक आहे असे मी समजतो. पत्रात पुढे लिहिले होते की ज्या कॅशियरची ती सही, तो दादांच्या त्या वृद्ध रुग्णाचा बाप. दादांना बाईंचे सासरचे आडनाव माहीत होते, म्हणून कोणाच्याच हे ध्यानी आले नव्हते. बँक बुडाली तेव्हा गावाने सारा दोष त्याच्या माथी मारला होता. ज्यांच्या ठेवी गेल्या त्यांत त्याच्या स्वतःच्या मुलीचेही खाते होते. ग्रंथालयात त्याचे छायाचित्र नाही. आता सही आहे.

मंदीच्या वर्षांत दहा डॉलर म्हणजे थोडी रक्कम नव्हती. त्या बाईने ती नोट पन्नास वर्षे का खर्चली नाही, हे मला तेव्हा कळले. "ही नोट मात्र खरी राहिली," हे वाक्य ती कदाचित बँकेविषयी बोलतच नव्हती.

आता माझे मत. आजकाल जुनी नोट, जुने नाणे, जुने पत्र हाती आले की पहिला प्रश्न येतो, 'केवढ्याला जाईल?' हा प्रश्न वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला मुलीची पुस्तके घ्यायची आहेत त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि प्राध्यापकाने पेन्शन खात बसून त्याला निर्लोभतेचे धडे देऊ नयेत. माझे म्हणणे एवढेच की हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'ही कोण?' असा आहे. आणि मजा अशी की या नोटांच्या बाबतीत बाजाराचेही तेच म्हणणे आहे. गाव, क्रमांक, पाठ, सही, इतके वाचल्याखेरीज तिथेही किंमत ठरत नाही. ज्याने ओळख नीट केली त्यालाच मोल कळते. ज्याने आधी मोल विचारले तो दोन्हीकडून फसतो.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या सुटीत घरातली ट्रंक जरूर उघडा. नोट, सनद, पत्र, पावती, जे सापडेल ते धुऊ नका, इस्त्री करू नका, डिंक लावू नका, आणि हात जोडून सांगतो, बसस्टँडसमोरच्या दुकानात नेऊ नका. एका साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा. आणि ज्याने ती दिली तो हयात असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा, ही कोणी दिली, कधी दिली, का ठेवली. जे सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा. दादांजवळ मी १९८४ साली पाच मिनिटे बसून हे विचारले असते, तर हा लेख अर्ध्या लांबीचा झाला असता.